दुसरा मॉनिटर जोडला की स्ट्रीमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, काढला की सुरळीत. दोष कुठे शोधायचा?

वेगवती (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. यूट्यूबवर मराठीतून फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या गेमचं स्ट्रीम करते. एक मॉनिटर होता तोवर सगळं नीट होतं. चॅट आणि ओबीएस (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) डोळ्यांसमोर असावं म्हणून घरातला जुना मॉनिटर बाजूला जोडला, तेव्हापासून चित्र अडखळतंय.

पीसी असा आहे: प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बी४५० मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), डीडीआर४ ३२०० रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, विंडोज ११. मुख्य मॉनिटर २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ, डिस्प्लेपोर्टवर. दुसरा १९ इंची, १४४० बाय ९००, ६० हर्ट्झ, व्हीजीए केबलने. ओबीएसमध्ये १०८०पी ६०, एनव्हेंक (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) एच.२६४, सीबीआर (स्थिर बिटरेट) ६००० केबीपीएस. गेम अल्ट्रावर, एफपीएसला मर्यादा घातलेली नाही. सीनमध्ये डिस्प्ले कॅप्चर (आख्खा पडदा पकडणारा सोर्स) वापरते.

नुसता गेम चालवला तर १०० च्या आसपास एफपीएस. स्ट्रीम सुरू केलं की ७५ ते ८०. मला ते चालतं, पण बघणाऱ्यांना त्याहून खूप वाईट दिसतं, दर दोनतीन सेकंदांनी हिसका बसतो. दुसऱ्या मॉनिटरवर क्रोममध्ये स्वतःचंच स्ट्रीम उघडलं तर आणखी बिघडतं. बिटरेट ४५०० वर आणून पाहिला, काडीचा फरक नाही. दुकानात सांगतात की कार्डच बदला. खरंच गरज आहे का?

छप्पन_एफपीएस

कार्ड बदलू नका. ३०६० ला १०८०पी ६० चं स्ट्रीम जड नाही, आणि दुसऱ्या मॉनिटरवरचं नुसतं चॅट तर त्याच्या खिजगणतीतही नाही. आधी कोणत्या टप्प्यावर फ्रेम गळतेय ते बघू, सेटिंग नंतर.

ओबीएसमध्ये डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडा. तिथे तीन वेगळे आकडे असतात आणि तिघांची कारणंही वेगळी. रेंडरिंग लॅग म्हणजे ओबीएसला गेम, कॅमेरा, ओव्हरले यांचं एकत्र चित्र तयार करायलाच ग्राफिक्स कार्डाने वेळ दिला नाही. एन्कोडिंग लॅग म्हणजे चित्र तयार झालं, पण एन्कोडरला ते वेळेत दाबता आलं नाही. ड्रॉप्ड फ्रेम्स म्हणजे सगळं तयार होतं आणि नेटवरून वर गेलं नाही. बिटरेटचा संबंध मुख्यतः या तिसऱ्याशी. तुम्ही तो कमी केलात आणि काही बदललं नाही, म्हणजे बहुतेक दोष पहिल्या दोघांत आहे.

त्याच डॉकमध्ये एक फ्रेम रेंडर व्हायला लागणारा सरासरी वेळही दिसतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. निरोगी पीसीवर हा आकडा एक ते चारच्या घरात असतो. दहाच्या वर सरकला की समजा कार्डाकडे जागा उरलेली नाही.

चाचणीसाठी लाइव्ह जायची गरज नाही. त्याच एन्कोडर सेटिंगवर लोकल रेकॉर्डिंग पाच मिनिटं चालवा, गेममध्ये एकच शर्यत तीच गाडी घेऊन. एकदा दोन्ही मॉनिटरवर, एकदा दुसऱ्याची केबल काढून. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जीपीयू (ग्राफिक्स चिप) निवडून ‘३डी’, ‘कॉपी’ आणि ‘व्हिडिओ एन्कोड’ हे तीन आलेख लावून ठेवा. शेवटी हेल्प मेनूतून लॉग फाइल उघडा आणि वरचा ॲडॅप्टरांचा (म्हणजे जीपीयूंचा) भाग इथे लिहा.

राऊ_रेसर

ताई, माझ्या मते नेटचं आहे. वायफाय असेल तर लॅन केबल ओढा आणि प्लॅन वाढवा.

छप्पन_एफपीएस

राऊ, लॅन केबलचा सल्ला एरवी सोळा आणे खरा. पण दुसऱ्या मॉनिटरची केबल काढल्यावर नेट सुधारत नाही ना. आकडे येऊ देत.

वेगवती

दोन्ही मॉनिटर: रेंडरिंग लॅग ११.४ टक्के, सरासरी रेंडर वेळ १३ ते १५ मिलिसेकंद. एन्कोडिंग लॅग ०. ‘३डी’ आलेख ९९ वर चिकटलेला, ‘कॉपी’ सतत हलतोय, ‘व्हिडिओ एन्कोड’ निवांत.

दुसरा मॉनिटर काढून: रेंडरिंग लॅग १.८ टक्के, रेंडर वेळ ५ च्या आसपास. ‘३डी’ तरीही ९८-९९.

नेटसाठी अनलिस्टेड स्ट्रीमही करून पाहिलं, ड्रॉप्ड फ्रेम्स ०.

लॉगमध्ये दोन ॲडॅप्टर दिसतात. ॲडॅप्टर ० एनव्हिडिया आरटीएक्स ३०६०, त्याखाली एकच आउटपुट, १९२० बाय १०८०, रिफ्रेश १४४. ॲडॅप्टर १ एएमडी रेडिऑन ग्राफिक्स, त्याखाली १४४० बाय ९००, रिफ्रेश ६०. आणखी एक ओळ आहे, जीपीयू प्रायॉरिटी सेटअप फेल्ड, नॉट ॲडमिन असं काहीतरी.

माळवा_हार्डवेअर

भिया लोक, उत्तर पहिल्या पोस्टमध्येच होतं. ३०६० ला व्हीजीए पोर्ट नसतो. व्हीजीए केबल लागली याचा अर्थ ती मदरबोर्डाच्या पोर्टात आहे, आणि तो पोर्ट ५६००जी च्या आतल्या ग्राफिक्सवर चालतो. लॉगने तेच सांगितलं.

आता होतं काय ते नीट समजून घ्या, कारण हीच चूक घरोघरी असते. गेम आणि ओबीएस दोघंही ३०६० वर काम करतात. पण ओबीएसची खिडकी तुम्ही दुसऱ्या मॉनिटरवर ठेवलीत, आणि तो मॉनिटर दुसऱ्याच जीपीयूच्या ताब्यात. म्हणून ओबीएसचा प्रिव्ह्यू ३०६० वर तयार होतो, तिथून पीसीआयई मार्गाने (कार्ड आणि मदरबोर्ड यांमधली वाट) साध्या रॅममध्ये उतरतो, मग रेडिऑन तो उचलून मॉनिटरला देतो. हे दर फ्रेमला. ‘कॉपी’ आलेख हलतोय तो याचाच.

कोणी म्हणेल की पीसीआयईची रुंदी अपुरी पडते. तसं नाही. १४४० बाय ९०० ची एक फ्रेम चार बाइट प्रति पिक्सेल धरून साधारण ५.२ एमबी, सेकंदाला ६० म्हणजे ३११ एमबी. ५६००जी पीसीआयई ३.० देतो, १६ लेनला सुमारे १५.७ जीबी प्रति सेकंद. पाण्याचा थेंब. खरी अडचण ताटकळण्याची आहे. ३०६० आधीच ९९ टक्क्यांवर, त्यामुळे ही प्रत काढण्याचं काम गेमच्या रांगेत मागे उभं राहतं, दोन जीपीयूंना एकमेकांची वाट बघावी लागते, आणि तेवढ्यात ओबीएसची पुढची फ्रेम चुकते.

उपाय साधा: दुसरा मॉनिटरही ३०६० ला जोडा. या कार्डांवर साधारणपणे एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट असतात. मॉनिटरला मागे डीव्हीआय असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल चालते, दोन्हींचा सिग्नल एकाच जातीचा. फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. मात्र तो चिप असलेला हवा, कारण कार्डातून डिजिटल सिग्नल येतो आणि व्हीजीए ॲनालॉग आहे. दोन टोकांची नुसती केबल विकतात, ती चालणार नाही. जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलला मागताना दिशा नीट सांगा: ‘पीसीकडून एचडीएमआय, मॉनिटरकडे व्हीजीए’. उलट्या दिशेचा कन्व्हर्टरही तसाच दिसतो आणि तो पडदा काळाच ठेवतो.

पीसी पूर्ण बंद करून केबल बदला. सुरू झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन दोन्ही मॉनिटर ‘आरटीएक्स ३०६०’ ला जोडलेले दिसतात का ते पाहा. दिसले की बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) इंटिग्रेटेड ग्राफिक्स डिसेबल करा. त्याने रॅममधला राखीव तुकडाही मोकळा होतो. पण हे केबल बदलल्यानंतरच, आधी नको.

छप्पन_एफपीएस

माळवा, केबलचं शंभर टक्के पटलं. पण तेवढ्यावर सोडू नका. ताईंच्या दुसऱ्या चाचणीत एकच मॉनिटर असतानाही १.८ टक्के लॅग आहे आणि ‘३डी’ ९८-९९ आहे. म्हणजे कार्ड आधीपासूनच काठोकाठ भरलेलं होतं, दुसऱ्या मॉनिटरने ते सांडलं इतकंच. मूळ रोग मर्यादा नसलेला गेम आहे. एफपीएसला लगाम नसला की गेम कार्डाचा शेवटचा थेंबही पितो आणि ओबीएसला उष्टंसुद्धा उरत नाही.

म्हणून केबलनंतर तीन गोष्टी, याच क्रमाने.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज ३डी सेटिंग्ज’ मध्ये जाऊन त्या गेमपुरती ‘मॅक्स फ्रेम रेट’ लावा. ‘३डी’ आलेख ९० च्या खाली राहील इतकी. स्ट्रीम ६० चं आहे, तेव्हा ६० किंवा १२० ला तोडलं तर सर्वांत गुळगुळीत दिसतं, कारण १२० मधली दर दुसरी फ्रेम ओबीएस उचलतो आणि अंतर समान पडतं. १४४ मधून ६० उचलायला गेलं तर कधी एक फ्रेम सोडून, कधी दोन सोडून उचलावं लागतं. लॅग शून्य असूनही चित्र खडबडीत दिसतं ते यामुळे. मुख्य मॉनिटरही १२० हर्ट्झवर ठेवा. १२० गाठायला अल्ट्रावरून हायवर यावं लागेल. सावल्या, प्रतिबिंबं आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) आधी उतरवा. तरी जमत नसेल तर ६० ला तोडा आणि अल्ट्राच ठेवा. बघणाऱ्याला ६० च्या वरचं तसंही दिसत नाही.

दुसरं, ओबीएसच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. तुमच्या लॉगमधली ती ‘नॉट ॲडमिन’ची ओळ याचीच आहे. ॲडमिन म्हणून चालवल्यावर ओबीएसला कार्डाच्या रांगेत प्राधान्य मागता येतं, आणि लॉगमध्ये ‘सक्सेस’ असं येतं. एक गैरसोय होते, फोल्डरमधून चित्र ओढून ओबीएसमध्ये टाकणं बंद पडतं. प्लस बटणाने सोर्स जोडा.

तिसरं, डिस्प्ले कॅप्चर काढून गेम कॅप्चर घ्या, मोडमध्ये ‘कॅप्चर स्पेसिफिक विंडो’. गेम आणि ओबीएस एकाच कार्डावर असले की गेम कॅप्चर गेमचं टेक्स्चर (कार्डातलं तयार चित्र) जागेवरच वाटून घेतो. डेस्कटॉप दाखवायचा असेल तर डिस्प्ले कॅप्चरचा वेगळा सीन करा, दोन्ही एकाच सीनमध्ये नकोत.

राऊ_रेसर

दोन मॉनिटरचे हर्ट्झ वेगळे असले की विंडोज मोठ्याला ६० वर ओढतं असं ऐकलंय. मग दोन्ही ६० ला नको का ठेवायला?

माळवा_हार्डवेअर

ते विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांचं दुखणं. ६० वाल्या पडद्यावर काहीही हललं की १४४ वाला अडखळायचा. मे २०२० मध्ये आलेल्या २००४ आवृत्तीत हे बरंच सुधारलं. विंडोज ११ वर त्यासाठी १४४ चा मॉनिटर ६० ला बांधून ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. सल्ले मात्र तेव्हाचेच अजून फिरतात. १२० ठेवण्याचं छप्पनने दिलेलं कारण वेगळं आहे, ते बरोबर आहे.

जी-सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश गेमच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) वापरत असाल तर एक जागा तपासा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फुल स्क्रीन’ पुरतंच ठेवा, ‘विंडोड अँड फुल स्क्रीन’ नको. नाहीतर दुसऱ्या पडद्यावरच्या एखाद्या खिडकीच्या तालावर मुख्य पडदा नाचायला लागतो.

आणि ताई, ती रॅमची एकच स्टिक. डीडीआर४ ३२०० सिंगल चॅनेलला २५.६ जीबी प्रति सेकंद मिळतात, दोन स्टिकना ५१.२. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून तुमच्याकडे परिणाम जास्त जाणवला. ते बंद केल्यावर घाई नाही, पण पुढे कधी पैसे घालायचे असतील तर कार्डात न घालता दुसऱ्या १६ जीबीच्या स्टिकमध्ये घाला. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. नंतर सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर ड्युअल आणि १६०० च्या आसपास दिसायला हवं (तिथे निम्मा आकडा दाखवतात). १०६६ किंवा १२०० दिसलं तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद आहे, ते चालू करा.

सराफा_लाइव्ह

दुसऱ्या पडद्यावर काय उघडं ठेवता यावरही बोलायला हवं. स्वतःचं स्ट्रीम क्रोममध्ये चालवून बघायचं नाही, त्यात कार्ड तेच चित्र पुन्हा डिकोड करून पुन्हा रंगवत बसतं. यूट्यूबच्या चॅटमध्ये तीन टिंबांवरून ‘पॉपआउट चॅट’ काढा, तो पत्ता ओबीएसच्या डॉक्स मेनूत ‘कस्टम ब्राउझर डॉक्स’ मध्ये चिकटवा. क्रोम उघडायचं कारणच उरत नाही. स्ट्रीम कसं दिसतंय ते फोनवर बघा.

ओबीएसचा प्रिव्ह्यूही लाइव्ह गेल्यावर बंद करता येतो, त्यावर राइट क्लिक करून ‘एनेबल प्रिव्ह्यू’ ची खूण काढा. स्टुडिओ मोड बंद ठेवा, तो दोन चित्रं रंगवतो. अलर्टच्या ब्राउझर सोर्सला पूर्ण १९२० बाय १०८० देऊ नका, जेवढा कोपरा लागतो तेवढाच द्या आणि ‘शटडाउन सोर्स व्हेन नॉट व्हिजिबल’ वर टिक करा. डिस्कॉर्ड उघडं असेल तर त्याचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद.

एनव्हेंकमध्ये ‘लुक-अहेड’ चालू असेल तर काढा. एन्कोडर कार्डावरचा स्वतंत्र भाग असला तरी लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग मात्र गेमच्याच कोअरवर बसतात. प्रीसेट पी५, कीफ्रेम २ सेकंद, बी-फ्रेम २, एवढं पुरे.

वेगवती

सगळ्यांचे मनापासून आभार. मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे, म्हणून चिपवाला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला. दोन्ही मॉनिटर ३०६० वर, बायोसमधून आतलं ग्राफिक्स बंद. फक्त एवढ्यावर रेंडरिंग लॅग ११.४ वरून २.१ वर आला. मग गेम हायवर, एमएसएए २एक्स, १२० ची मर्यादा, ओबीएस ॲडमिन म्हणून, गेम कॅप्चर. लॉगमध्ये प्रायॉरिटी सक्सेस. आता लॅग ०.० आणि रेंडर वेळ २ च्या आसपास. ‘३डी’ ८४ ते ८९.

एकच शंका उरलीय. साधारण पाऊण तासाने ‘३डी’ पुन्हा ९७ वर जातं आणि लॅग अर्धा टक्का दिसतो. गेममध्ये काहीच बदललेलं नसतं.

माळवा_हार्डवेअर

ही उष्णता. कार्ड तापलं की स्वतःचा वेग उतरवतं, मग तेच १२० एफपीएस काढायला त्याला जास्त टक्के लागतात. जीपीयू-झेडच्या सेन्सर्स टॅबवर ‘परफकॅप रीझन’ बघा, तिथे थर्मल आलं तर शंका संपली. मे महिन्यात इंदुरात खोलीच ३८-३९ अंशांवर असते, तिथे कार्ड ८३ ला पोहोचायला वेळ लागत नाही.

आधी कॅबिनेटची धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने झाडा, ब्लोअरने पंखा गरगर फिरवू नका. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मग एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्के करा. ३०६० चे मूळ १७० वॉट धरले तर साधारण १४५ होतात, एफपीएस जेमतेम चारपाच टक्के घटतात आणि कार्ड बरंच थंड राहतं. तरीही भागलं नाही तर मर्यादा १२० वरून १०० वर नको, सरळ ६० वर न्या, नाहीतर ते असमान अंतर परत येईल.

आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत वाळ्याचा कूलर असतोच. त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवेत धूळ हीटसिंकवर लगद्यासारखी बसते आणि ती ब्रशने निघत नाही. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या झोतापासून बाजूला.

बडोद्याचा_विंग

यात लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं? माझ्याकडे बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयवर आहे, आणि डिस्प्ले कॅप्चर काळा येतो.

छप्पन_एफपीएस

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुतेक वेळा आतल्या ग्राफिक्सवर असतो. एचडीएमआय आणि टाइप-सी यांपैकी कोणता पोर्ट एनव्हिडियाला जोडलाय ते मॉडेलनुसार बदलतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ हे पान उघडा, तिथे कोणता पडदा कोणत्या जीपीयूवर आहे याचं चित्रच दिसतं. बाहेरचा मॉनिटर एनव्हिडियावर असेल तर गेम त्यावर चालवा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर फक्त चॅट ठेवा.

काळा पडदा येतो कारण ओबीएस एका जीपीयूवर आणि पकडायचा पडदा दुसऱ्यावर. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे ओबीएस जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ द्या आणि गेम कॅप्चर वापरा. लॅपटॉपचाच पडदा डिस्प्ले कॅप्चरने दाखवायचा असेल तर सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅप्चर मेथड ‘विंडोज १०’ वाली निवडा. बदल केल्यावर ओबीएस बंद करून पुन्हा उघडा. लॅपटॉपला मक्स स्विच (पडदा कोणत्या जीपीयूला जोडायचा ते ठरवणारी सोय) असेल तर ‘डिस्क्रीट ओन्ली’ वर टाका, रीस्टार्टनंतर आतला पडदाही एनव्हिडियावर येतो आणि हा प्रश्नच मिटतो. चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर कार्डाची ताकद अर्ध्याहूनही खाली येऊ शकते.